वाहनांचा रिकॉल आणि कंपनीचे नाव: सीमाभागातील वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील वाचक गाडी घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर रिकॉलविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाडी रिकॉलमध्ये आली म्हणजे कंपनी ती परत घेऊन जाते का?

नाही. गाडी तुमच्याच नावावर आणि तुमच्याच दारात राहते. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमधील एखाद्या सुट्या भागात दोष असल्याची शंका आली की कंपनी त्या गाड्या सर्व्हिस सेंटरमध्ये बोलावते, भाग तपासते आणि गरज असेल तर विनामूल्य बदलून देते. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या सियाझ, एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या. गाडीची पूर्ण किंमत परत मिळणे किंवा गाडीच बदलून मिळणे कायद्याला मान्य आहे, पण प्रत्यक्षात ते क्वचित घडते (कायद्यासाठी प्रश्न ५ पाहा).

२. रिकॉल जाहीर झाला म्हणजे त्या कंपनीच्या गाड्यांचा दर्जा खराब, असे समजायचे का?

एवढ्यावरून तसे समजू नये. रिकॉल जाहीर झाल्याने इतकेच कळते की एक दोष सापडला आणि तो कबूल केला गेला. दर्जाविषयी मत बनवायचे असेल तर त्या बातमीतील आकड्यापेक्षा दुसऱ्या तीन गोष्टी पाहाव्या लागतात: दोष कोणी शोधून काढला, तो किती गंभीर आहे, आणि कंपनीला तो कळल्यापासून ग्राहकाला कळेपर्यंत किती काळ गेला. यांपैकी तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. कंपन्यांचे नाव ज्या प्रकरणांत कायमचे डागाळले, त्यांतील बहुतेकांत भाग सदोष निघण्यापेक्षा तो सदोष असल्याचे माहीत असूनही गप्प राहणे अधिक महागात पडलेले दिसते (प्रश्न ६).

मोठा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, हे रॉयल एनफिल्डच्या मे २०२१ मधील रिकॉलवरून चांगले समजते. भारतासह काही देशांत विकलेल्या २,३६,९६६ मोटारसायकली इग्निशन कॉइल तपासण्यासाठी बोलावण्यात आल्या. दोष कंपनीच्याच नेहमीच्या अंतर्गत चाचणीत आढळला होता, आणि प्रत्यक्षात भाग बदलावा लागेल अशा गाड्या १० टक्क्यांहून कमी असतील, असा कंपनीचा अंदाज होता. म्हणजे बातमीच्या मथळ्यात जवळपास अडीच लाख गाड्या होत्या, पण भाग बदलण्याची गरज त्यांतील थोड्याच गाड्यांना होती. कोणती कॉइल बिघडेल हे बाहेरून ओळखता येत नसल्यामुळे संपूर्ण लॉट बोलवावा लागतो. जी कंपनी तसा बोलावते तिच्या तपासणी विभागावर माझा विश्वास थोडा वाढतोच.

३. मग ज्या कंपनीने एकही रिकॉल केला नाही, ती सर्वांत चांगली का?

तसेही नाही. रिकॉल नसण्याची दोन कारणे असू शकतात: दोष नसणे, किंवा दोष शोधण्याची आणि सांगण्याची इच्छा नसणे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय जी कंपनी वर्षाला लाखो गाड्या विकते तिचे रिकॉलचे आकडे मोठेच असणार. त्यांची तुलना महिन्याला काही शे गाड्या विकणाऱ्या कंपनीशी करण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच असेल तर एकाच भागासाठी वारंवार रिकॉल होतो का, आणि पहिल्या रिकॉलनंतर व्याप्ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागते का, हे पाहावे. पहिल्यांदा पाच हजार, तीन महिन्यांनी वीस हजार, वर्षाने एक लाख असा क्रम दिसला तर कंपनीला मूळ कारणच सापडलेले नाही किंवा तिने सुरुवातीला हात आखडता घेतला, असे समजण्यास हरकत नाही.

४. पूर्वी वडिलांच्या काळात असे काही ऐकू येत नव्हते. आताच गाड्या इतक्या का बिघडू लागल्या?

गाड्या अधिक बिघडू लागल्या असे नसून दोष जाहीर होऊ लागले आहेत. भारतात वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता जुलै २०१२ मध्ये आणली. त्यापूर्वीही रिकॉल झाले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीने ए-स्टारच्या सुमारे एक लाख गाड्या इंधन पंपाच्या गॅस्केटसाठी बोलावल्या होत्या. मात्र अनेकदा दोष असलेला भाग पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मालकाला न सांगताच बदलला जात असे.

दुसरे कारण असे की आता एकच सुटा भाग अनेक मॉडेलांत आणि अनेक कंपन्यांत वापरला जातो. डेन्सो या जपानी पुरवठादाराच्या इंधन पंपातील इम्पेलर (इंधन पुढे ढकलणारे पात्यांचे चाक) फुगून पंप बंद पडण्याचा दोष आढळला तेव्हा टोयोटा आणि होंडासह अनेक कंपन्यांना जगभर गाड्या बोलवाव्या लागल्या. जून २०२० मध्ये होंडाने भारतातही सदोष इम्पेलरसाठी ६५,६५१ गाड्या बोलावल्या. एक भाग सगळीकडे वापरल्याने खर्च वाचतो, पण तो चुकला की चूकही सगळीकडे पोहोचते.

५. कंपनी टाळाटाळ करत असेल तर सरकार तिला रिकॉल करायला लावू शकते का?

होय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय करू शकेल असा दोष असेल तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. त्यासाठी ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल किंवा अन्य स्रोत हा आधार ठरतो. तक्रारींची आवश्यक संख्या वाहनाचा प्रकार आणि त्याची वार्षिक विक्री यांनुसार बदलते. कंपनीला गाडीची किंमत परत करणे, गाडी बदलून देणे किंवा ती दुरुस्त करून देणे बंधनकारक होऊ शकते, आणि आदेशानंतर केलेल्या रिकॉलसाठी नियमांनुसार एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

नावाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर तिला हा दंड लागत नाही. भारतातील गाजलेले बहुतेक रिकॉल कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले दिसतात, त्यामागे ग्राहकाविषयीच्या आस्थेबरोबर हा हिशेबही असणार, आणि त्यात गैर काही नाही. कायद्याला तेच अपेक्षित आहे.

६. रिकॉलमुळे नाव बुडालेल्या कंपन्या कोणत्या?

रिकॉलमुळे बुडालेली कंपनी दाखवणे कठीण आहे. रिकॉलपूर्वीच्या वर्तनामुळे अडचणीत आलेल्या मात्र अनेक आहेत. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या बोलावल्या. गाडी चालू असताना स्विच आपोआप सरकत असे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू भरपाईसाठी मान्य झाले. लोकांचा संताप मात्र याचा होता की कंपनीतील अभियंत्यांना या स्विचच्या तक्रारी सुमारे दहा वर्षे माहीत होत्या. पुढच्या वर्षी कंपनीने अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली.

याच कंपनीचे भारतातील उदाहरण सीमाभागातील वाचकांना अधिक जवळचे आहे, कारण एकेकाळी वडाप आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपल्याकडे टवेरा सर्रास दिसे. जुलै २०१३ मध्ये शेव्हरोले टवेराच्या सुमारे १,१४,००० गाड्या उत्सर्जनाच्या कारणासाठी बोलावण्यात आल्या. चाचणीसाठी पाठवायच्या गाड्यांत कर्मचाऱ्यांनी फेरफार केल्याचे कंपनीच्या चौकशीत उघड झाले होते. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली. ती केवळ याच प्रकरणामुळे थांबली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण खप आधीपासूनच कमी होता. पण टवेरा घेतलेल्या माणसाला शेजाऱ्याकडे कंपनीची शिफारस करणे त्यानंतर अवघड झाले, आणि आपल्याकडे निम्मी विक्री अशा शिफारशीवरच होते.

येथे एक विसंगतीही नोंदवायला हवी. फोक्सवॅगनने डिझेल इंजिनांत चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर बसवल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता आणि भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्या बोलवाव्या लागल्या. तरी २०१६ मध्ये विक्रीत हाच समूह जगात पहिला आला. प्रामाणिकपणाबद्दलचे नाव गेले तरी मजबूत बांधणीबद्दलचे नाव टिकू शकते. ग्राहकाच्या मनात ही दोन खाती वेगळी असतात.

७. रिकॉल करून उलट नाव वाढले, असे कधी झाले आहे का?

झाले आहे. टोयोटाने लेक्सस हा महागडा ब्रँड १९८९ मध्ये अमेरिकेत आणला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुमारे ८,००० एलएस ४०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तक्रारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ब्रँड नवा असताना ही बातमी जीवघेणी ठरली असती. पण कंपनीने मालकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन आणि इंधनाची टाकी भरून परत आणून दिल्या, आणि हे सर्व तीन आठवड्यांच्या आत उरकले. लेक्ससच्या सेवेचा जो लौकिक पुढे झाला, त्याची सुरुवात या रिकॉलपासून झाली असे मानतात.

मर्सिडीजचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १९९७ मध्ये स्वीडनमधील पत्रकारांच्या चाचणीत अचानक वळण घेताना ए-क्लास उलटली. सुरुवातीला कंपनीने चाचणीवरच शंका घेतली, मग विक्री थांबवली आणि गाडीत स्थिरता राखणारी ईएसपी यंत्रणा सरसकट बसवली. आधी विकलेल्या गाड्यांनाही ती देण्यात आली. तोवर ही यंत्रणा महागड्या गाड्यांपुरतीच होती.

८. 'हा रिकॉल नाही, ही केवळ विनामूल्य तपासणी मोहीम आहे' असे कंपनी सांगते. यात फरक काय?

सुरक्षेशी संबंध नसलेल्या दोषासाठी, म्हणजे म्युझिक सिस्टीम अडखळणे किंवा दरवाजाचे रबर सुटणे अशा गोष्टींसाठी, मोहीम हा शब्द योग्यच आहे. सुरक्षेच्या दोषाला मोहीम म्हटले की मालक निर्धास्त होतो आणि गाडी नेतच नाही.

टाटा नॅनोला आग लागल्याच्या काही घटनांनंतर नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विकलेल्या गाड्यांत अतिरिक्त संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले आणि हा रिकॉल नसल्याचे आवर्जून सांगितले. त्या महिन्यात नॅनोची विक्री ५०९ गाड्यांवर आली. या घसरणीला कर्जाची अडचण आणि वाढलेली किंमत हीदेखील कारणे होती. तरीही माझे मत असे की, उपाय योग्य असूनही त्याला नाव देताना दाखवलेला संकोच लोकांच्या लक्षात राहिला. मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली चारचाकी म्हणून जी गाडी विकली गेली, तिच्याबाबत तरी स्पष्ट बोलणे परवडले असते.

९. आमची उद्यमबागेत फाउंड्री आहे. आमच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) दोष निघून रिकॉल झाला तर बदनामी कोणाची होते?

बाजारात गाडीच्या कंपनीची, आणि खरेदी विभागांत तुमची. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील फाउंड्री व मशीनशॉप वाहन उद्योगाला भाग पुरवतात, त्यामुळे हा प्रश्न येथून वारंवार येतो आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

ग्राहक बॉनेटवरील चिन्ह ओळखतो. आत बसलेले कास्टिंग कोणाचे, हे त्याला माहीत नसते. म्हणून दोष पुरवठादाराचा असला तरी लोकांसमोर उत्तर गाडीच्या कंपनीलाच द्यावे लागते. नंतर ती कंपनी खर्च पुरवठादाराकडे वळवते: डेबिट नोट येते, गोदामातील सगळा माल वेचून तपासावा लागतो, त्या तपासणीच्या मजुरीचे बिलही तुमच्या नावावर पडते, आणि पुढच्या नव्या भागाच्या चौकशीत तुमचे नाव गाळले जाते. हे वर्तमानपत्रात येत नाही, पण धंद्यात सर्वांना कळते. पुरवठादाराचे नाव घरोघरी पोहोचल्याचा ठळक अपवाद ताकाता या जपानी एअरबॅग कंपनीचा आहे. एअरबॅगचा इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) फुटून धातूचे तुकडे उडत असल्याने जगभर सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत घ्यावे लागले आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्या हातात जे आहे ते म्हणजे माग काढता येणे. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते भट्टीतील कोणत्या वितळणीतून ओतले त्याचा क्रमांक, असतो. समजा, एका हीटमध्ये धातूचे मिश्रण बिघडले किंवा ओल्या वाळूमुळे आत ब्लोहोल (वायूची पोकळी) राहिले. नंबर वाचता येत असेल, आणि त्या हीटची भट्टीची नोंद, रासायनिक तपासणीचा कागद व पाठवणीचे चलन एकमेकांशी जुळत असतील, तर 'या दिवशीच्या या हीटमधील एवढेच नग' असे सांगता येते आणि रिकॉल काही शे गाड्यांवर थांबतो. पण फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, ग्राइंडरखाली नंबरच घासला गेला असेल, किंवा दोन हीटचा माल एकाच ट्रॉलीत मिसळून मशीनशॉपला गेला असेल, तर गाडीच्या कंपनीला संपूर्ण महिन्याचे उत्पादन संशयित धरावे लागते. दोष तेवढाच राहतो. फक्त त्याची किंमत शंभर पट होते. नंबर कोठे टाकायचा हे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवतानाच ठरवावे, जिथे ग्राइंडर आणि कटर पोहोचणार नाही अशा जागी. या साध्या गोष्टीकडे अनेक जुन्या कारखान्यांत अजूनही दुर्लक्ष होते.

१०. कोल्हापूरहून किंवा गोव्याहून जुनी गाडी आणून येथे केए-२२ वर घेतली आहे. रिकॉलचे पत्र मला येईल का?

खात्री धरू नका. पत्र आणि संदेश कंपनीकडे नोंदलेल्या पत्त्यावर व मोबाइल क्रमांकावर जातात, आणि तो बहुधा पहिल्या मालकाचा असतो. आरटीओत नाव बदलले, एनओसी आणून नवा नंबर घेतला, तरी कंपनीच्या नोंदीत कोल्हापूरचा पत्ता तसाच राहू शकतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची देवघेव सतत चालू असल्याने आपल्या भागात हे फार घडते.

उपाय सोपा आहे. आरसीवरील १७ अक्षरांचा चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून प्रलंबित रिकॉल पाहावा. चॅसिस नंबर बदलत नाही, त्यामुळे नंबरप्लेट एमएच-०९ असो वा केए-२३, उत्तर तेच मिळते. मग जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आपले नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर नोंदवायला सांगावे. गाडी कोठून घेतली याला महत्त्व नाही. रिकॉलचे काम त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात करून घेता येते.

११. रिकॉलमध्ये आलेली सेकंडहँड गाडी घ्यावी का? किंमत पाडून मागता येईल का?

काम झाले असेल तर जरूर घ्यावी. नवा भाग बसलेली गाडी भागापुरती तरी अधिक चांगली झालेली असते. जॉब कार्ड पाहावे, आणि ते नसेल तर चॅसिस नंबरवरून खात्री करावी. काम राहिले असेल तर किंमत पाडून मागण्यापेक्षा विकणाऱ्याला आधी काम करून आणायला सांगणे शहाणपणाचे, कारण त्याला पैसे पडत नाहीत, फक्त एक दिवस जातो.

१२. खानापूर आणि चोर्ला घाटाकडे पाऊस व दमट हवा फार. त्याचा रिकॉलशी काही संबंध आहे का?

काही दोषांत थेट संबंध आहे. ताकाताच्या इन्फ्लेटरमध्ये (प्रश्न ९) अमोनियम नायट्रेट वापरले जाई आणि वर्षानुवर्षे उष्ण व दमट हवेत राहिल्यावर ते धोकादायक होत असे. म्हणूनच अमेरिकेत दमट राज्यांतील गाड्यांना प्राधान्य दिले गेले. जुनी होंडा किंवा टोयोटा वापरणाऱ्या, विशेषतः गोव्यात बरीच वर्षे राहिलेली गाडी घेतलेल्या वाचकांनी चॅसिस नंबर तपासण्यात दिरंगाई करू नये.

प्रश्न १ मधील मारुतीच्या रिकॉलमध्येही काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विद्युत भागांवर थेट पाणी मारू नका, अशी सूचना होती. सूचना पावसाळ्यातच आली होती, हे जांबोटी रस्त्याने रोज जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

१३. गाडीला स्टार रेटिंग चांगले आहे, तरी रिकॉल कसा?

स्टार रेटिंग धडकेच्या चाचणीत विशिष्ट गाडीने दिलेले संरक्षण मोजते. रिकॉल हा उत्पादनात किंवा रचनेत राहिलेल्या एखाद्या चुकीचा असतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

१४. इंटरनेटवरून सॉफ्टवेअर बदलले तरी त्याला रिकॉल म्हणतात का?

सुरक्षेचा दोष त्याने दूर होत असेल तर म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल केला आणि तो सॉफ्टवेअर पाठवूनच पूर्ण केला. त्यामुळे केवळ आकडे मोजून नाव ठरवणे पुढे आणखी निरर्थक होत जाईल (प्रश्न ३).

१५. गाडी सात वर्षांहून जुनी आहे. आता कोणी विचारणार नाही का?

सरकारने आदेश देऊन करायला लावायचा रिकॉल उत्पादनापासून सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांसाठी आहे. कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या रिकॉलला ही मर्यादा आपोआप लागत नाही. आपल्या उत्पादनाचा काळ त्यात येतो का, एवढेच पाहावे. दहा वर्षांच्या गाडीचा एअरबॅग विनामूल्य बदलून देणाऱ्या कंपनीला कायद्याने तसे करायला लावलेले नसते, आणि दर्जाविषयी मत बनवताना मी अशा रिकॉलला जास्त वजन देतो.

१६. सर्व्हिस सेंटर 'भाग आलेला नाही' म्हणून महिनोन्महिने परत पाठवते. तक्रार कोठे करायची? गाडी कोल्हापूरच्या शोरूममधून घेतली आहे.

आधी प्रत्येक फेरीची लेखी नोंद घ्यावी. तोंडी उत्तराला नंतर किंमत नसते. गाडी चालवणे सुरक्षित आहे का, हेही लेखी विचारावे. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग असा क्रम ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात तक्रार करता येते, म्हणून कोल्हापूरला खेपा घालण्याची गरज नाही. ५० लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या गाडीची तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात चालते. सुरक्षेचा दोष असेल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरही तो नोंदवावा, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलेली तक्रारींची संख्या तेथूनच मोजली जाते, आणि सीमाभागातील मालक शोरूममध्ये भांडून घरी येतात, पण तेथे नोंद फारसे करत नाहीत.